बंद दाराचे आभार

पाव आत गेला, भट्टीचं लोखंडी दार बंद झालं, आणि मग आभार कोण मानणार यावरून कुजबुज सुरू झाली. शहाण्या माणसांनी हे आधी ठरवलं असतं. पण या घराला शहाणपण नेहमी दार बंद झाल्यावरच सुचत आलं आहे. थोरल्या मुलाने तर कुणाला न विचारता लांब दांड्याचं फावडं आत सरकवलं आणि पाव ठेवून हात झटकून मोकळा झाला.

"चला, आता मागे फिरणं नाही," तो म्हणाला. चर्चच्या पंच कमिटीत बसायला लागल्यापासून तो साधं वाक्यही ठराव मांडल्यासारखं बोलायचा.

धाकटी सून भट्टीपासून सगळ्यात लांब, मोरीपाशी उभी राहून केकचा ट्रे घासत होती. तो ट्रे सकाळीच घासून झाला होता हे तिलाही माहीत होतं. पण हाताला काही नसलं की घरातली माणसं जवळ येऊन बोलायला लागतात, आणि आज तिला कुणाचंच बोलणं नको होतं.

पणजोबांनी ही भट्टी स्वतःच्या हाताने बांधली, तेव्हापासून ही रीत चालत आली होती. पाव आत असताना, दार बंद असताना, आत काय चाललंय ते दिसत नसताना देवाचे आभार मानायचे. दार उघडून, पाव फुगलेला बघून मग आभार मानले तर त्यात विश्वास कुठे आला, तो तर नुसता व्यवहार झाला, असं त्यांचं म्हणणं. रोजच्या पावाला पुटपुटलेले दोन शब्द पुरायचे. पण घरात काही मोठं असलं, कुणाची परीक्षा, कुणाचं लग्न, बाळंतपण, की सगळ्यांनी भट्टीसमोर जमायचं, एकच मोठा पाव आत ठेवायचा, आणि जे अजून मिळालेलं नाही ते मिळालंच असं धरून एकाने आभार मानायचे. मग दार उघडायचं आणि पाव मोडून सगळ्यांनी खायचा. वाटण्या झाल्या तेव्हा चुलत घराने रस्त्यावरचं दुकान घेतलं, गाडी घेतली. भट्टी आणि ही रीत मात्र इकडे आली, आणि चुलत घर त्यावर अजून हसतं.

रीतीला नियम होते. नंबर वयाने फिरायचा आणि त्यात अदलाबदल नाही. बोलणं झाल्याशिवाय दार उघडायचं नाही. आणि आभार मोघम मानायचे नाहीत, नेमकं सांगायचं. थोरला लहानपणी एकदा "सगळ्याबद्दल आभार" म्हणून सुटायला बघत होता, तेव्हा आजोबांनी त्याला सगळं म्हणजे काय काय ते सांगायला लावलं होतं. तो बुटाच्या नाडीपर्यंत आला तेव्हा कुठे त्याची सुटका झाली.

उद्या सकाळी पप्पांच्या हृदयाची झडप बदलायची होती. ते पीठ मळायच्या टेबलापाशी स्टुलावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. ते हात असे रिकामे बघायची घरात कुणालाच सवय नव्हती. वय आणि हृदय दोन्ही बघून डॉक्टरांनी जे सांगितलं होतं, ते थोरल्याने घरी सांगताना अर्धं गाळलं होतं. त्याची बायको, थोरली, त्याच हॉस्पिटलात नर्स होती. तिने ते गाळलेलं अर्धं स्वयंपाकघरात बायकांना सांगून टाकलं होतं. त्यामुळे सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि सगळे माहीत नसल्यासारखे वागत होते.

मागच्या खेपेला नंबर धाकट्याचा, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याचा होता. वर्ष उलटून गेलं होतं. पोटातल्या बाळासाठी बापानेच आभार मानायचे म्हणून तो किती खुशीत होता. पिठाचे हात पसरून, "माझ्या लेकीबद्दल," असं म्हणाला होता, आणि मुलगीच कशावरून म्हणून सगळे हसले होते. मुलगीच झाली. वेळेच्या बरीच आधी, घाईघाईच्या ऑपरेशनने झाली, दुपारी आली आणि दिवेलागणीला गेली. त्यानंतर भट्टीसमोर कुणी जमलं नाही. लग्नं झाली नाहीत असं नाही, परीक्षा झाल्या नाहीत असंही नाही, पण कुणी विषयच काढला नाही. म्हणजे नंबर धाकटीवर येऊन वर्षभर तिथेच थांबून राहिला होता.

"अगं, इकडे ये जरा," ताईने हाक मारली.

ताई म्हणजे या घराची लेक, शाळेत शिकवणारी, चर्चमध्ये गाणी बसवणारी. तिने धाकटीला मैद्याच्या कोठीत नेलं आणि दार लोटून घेतलं. वर्गात दंगा करणाऱ्या मुलीला बाहेर नेऊन समजावतात तोच तिचा चेहरा होता.

"राग मानू नकोस," ताई म्हणाली. "पण मन कडू असताना आभार मानू नयेत. तुझी चूक आहे असं नाही म्हणत मी. तुझ्या जागी मी म्हणते. तू डोळे मिटून नुसतं आमेन म्हण."

"नंबर बदलता येत नाही ना?"

"देवाला चालतं गं. पप्पांना मी समजावीन."

"देवाला चालत असेल तर पप्पांना कशाला समजवायला हवं?"

ताईने बाहीवर लागलेला मैदा झटकला. मैदा गेला तरी ती झटकतच राहिली. "हे बघ," ती म्हणाली, आणि तिचा शाळेतला आवाज कुठल्या कुठे गेला. "माझे वडील आहेत ते. उद्या त्यांना त्या टेबलावर घेतील आणि आज आपण इथे काहीतरी चुकीचं बोलून बसलो तर मी काय करू?"

ही बाई घाबरली आहे, एवढंच आहे हे, असं धाकटीच्या लक्षात आलं. आणि लक्षात आलं म्हणून तिला आणखी राग आला. कुणावर धड रागावताही येऊ नये, याचा.

तेवढ्यात दार ढकलून थोरली आत आली. ड्यूटीवरून तशीच आली होती, पायात हॉस्पिटलचे पांढरे बूट. "हिला कशाला कोपऱ्यात घेतलंय?"

"बोलतोय आम्ही."

"दिसतंय." थोरली धाकटीकडे वळली. "तू काही बोलायचं नाहीस. कुणी काही म्हणू दे. मी रोज बघते, ऑपरेशन डॉक्टर करतात, पाव नाही करत."

"हे पप्पांसमोर बोलून दाखव," ताई म्हणाली.

"दाखवीन की."

"त्यांना धाप लागेल आणि मग तूच त्यांचा बीपी मोजत बसशील."

या दोघींचं कधी कशावर पटलं नव्हतं. चर्चच्या कॉयरच्या साड्यांच्या रंगापासून पप्पांच्या पथ्यापर्यंत सगळ्यावर त्यांची जुंपलेली असायची. आज मात्र धाकटीने बोलू नये यावर दोघींचं एकमत होतं, आणि त्या एकमतावरूनच दोघी भांडत होत्या. धाकटी मध्ये मैद्याच्या पोत्याला टेकून उभी राहिली आणि दोघींची तोंडं बघत राहिली.

"मला कुणी विचारणार आहे का?" शेवटी ती म्हणाली.

"विचारतोच आहोत की," दोघी एकदमच म्हणाल्या.

"नाही वहिनी. नाही ताई. तुम्ही सांगताय."

दारात धाकटा येऊन उभा राहिला होता. मनगटांवर पीठ वाळून पापुद्रे धरलेले. गेलं वर्षभर गिऱ्हाइकांच्या मोठ्या पावाचा गोळाही तोच वळायचा. पप्पांनी ते काम अचानक सोडून दिलं होतं, धाप लागते म्हणून, आणि धाप खरोखरच लागत होती, त्यामुळे कुणी जास्त विचारलं नव्हतं.

"पावाला रंग यायला लागला असेल," तो म्हणाला. ताई आणि थोरली एकमेकींकडे न बघता बाहेर गेल्या. तो तिथेच रेंगाळला. "म्हणून टाक ना. चार शब्द आहेत. आईच्या जिवाला बरं वाटेल."

"तूही चार शब्दच म्हणाला होतास."

तो खाली बघायला लागला.

"त्यानंतर एकही म्हणाला नाहीस," ती म्हणाली. "मी वाट बघितली."

"तुला त्रास नको म्हणून."

"सगळ्यांना मला त्रास नको असतो. वर्ष झालं, या घरात मी जिथे जाते तिथलं बोलणं बंद होतं. दूध आणलं का, गॅस संपला का, एवढंच माझ्या वाट्याला येतं." तिला अजून बोलायचं होतं. पण त्याची मान एवढी खाली गेली होती की ती थांबली. "चल," ती म्हणाली. "पाव जळेल."

बाहेर सगळे जागेवर होते आणि कुणीच जागेवर नव्हतं. थोरला भट्टीपासून बेकरीच्या शटरपर्यंत चालत होता आणि परत येत होता. आई खुर्चीच्या कडेवर बसून हातातला रुमाल घडी करत होती, उलगडत होती, पुन्हा घडी करत होती. यीस्टचा आंबूस वास केव्हाच गेला होता आणि गरम सालीचा गोड वास दाटला होता. बेकरीतल्या माणसाला घड्याळ लागत नाही, नाक पुरतं. आता दार उघडायची वेळ जवळ आली होती हे सगळ्यांना कळत होतं.

"झाली का मसलत?" पप्पा म्हणाले. एक वाक्य बोलायला त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला. "नंबर तिचा आहे. पोरी, ये इथे."

"पप्पा, मला वाटतं की या वेळेला..." ताईने सुरुवात केली.

"तुला वाटू दे. नंबर तिचा आहे."

धाकटी भट्टीसमोर येऊन उभी राहिली. हातात घासणी तशीच होती. सगळ्यांनी माना खाली घातल्या. आईने डोळे मिटले आणि रुमाल मुठीत घट्ट धरला.

धाकटी काहीच बोलली नाही.

तिला हा माणूस प्रिय होता. लग्न होऊन आली तेव्हा पीठ तयार झालं की नाही हे बोटाच्या पेराने दाबून कसं बघायचं, ते त्यांनी तिला शिकवलं होतं. वाढदिवसाच्या केकवर नावं लिहायचं काम तिला दिलं होतं, अक्षर चांगलं आहे म्हणून. हॉस्पिटलातून परतल्यावर तिने नावं लिहिणं सोडलं, तेव्हा त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. रोज पहाटेचा पहिला गरम बन तिच्या खोलीच्या दाराशी बशीत ठेवून जायचे. महिनोन्महिने ठेवला. त्यांनी जगावं असं तिला फार वाटत होतं. म्हणूनच तिचा जीव टांगणीला लागला होता. आभार मानले आणि उद्या ते गेले, तर ती दुसऱ्यांदा फसणार होती. मानले नाहीत आणि गेले, तर हिने तोंड उघडलं नाही म्हणून गेले, हे जन्मभर तिच्याभोवती फिरत राहणार होतं. कुणी बोलून दाखवलं नसतं. या घरात न बोलणं चांगलंच जमायचं.

वास बदलला. गोडाला किंचित कडवट धार आली.

थोरला पुढे सरकला. "उघडूया का? जळेल."

"बोलणं झालं नाही अजून," पप्पा म्हणाले.

"पण पाव..."

"जळू दे."

थोरल्याने बापाकडे असं पाहिलं, जणू त्यांनी भर उपासनेत शिवी दिली होती. ज्या माणसाने एक ट्रे करपला म्हणून दोन्ही मुलांशी दिवसभर अबोला धरला होता, तो पाव जळू दे म्हणत होता.

"पप्पा," धाकटी म्हणाली, "उद्याचे आभार मला नाही मानता येणार."

"अगं, असं नको ना म्हणू," आईने डोळे उघडले. "आज तरी नको."

"आई, माझे मागचेच मानायचे राहिलेत."

कुणाला काही कळलं नाही. थोरली मात्र पुढे आली आणि धाकटीच्या दंडाला धरून म्हणाली, "चल, तू वर चल. मी म्हटलं होतं हिला उभी करू नका."

धाकटीने दंड सोडवून घेतला. "वहिनी, थांबा. मला बोलू द्या." तिने घासणी टेबलावर ठेवली, आणि हात कुठे ठेवावे ते न कळून पुन्हा उचलली. "या घरात कशाकशाचे आभार मानतात. डिलिव्हरीच्या गाडीला नवीन टायर घातलं तेव्हा मानले. मोरीचा नळ दुरुस्त झाला तेव्हा मानले. माझी मुलगी आली आणि गेली. तिच्याबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. दार बंद होतं तेव्हा सगळे इथे होता. उघडल्यावर कुणीच नव्हतं. मला वाटायला लागलं की तुमच्या लेखी ती आलीच नाही. आभार फुकट गेले, म्हणून विषय संपला."

"असं नाही गं," आई म्हणाली. "तुझी जखम..."

"मग मी ठरवलं, आपण एकटीनेच मानावेत. कितीदा बसले, आई. पण मोघम चालत नाही ना? नेमकं सांगावं लागतं." घासणी तिने पुन्हा टेबलावर ठेवली. "मला नेमकं काहीच माहीत नाही. मी बेशुद्ध होते. नंतर तापात होते. डोळे उघडले तेव्हा तुम्ही तिला पुरून आला होता. तुम्ही सगळ्यांनी तिला पाहिलंय. मी पाहिलेलं नाही. उद्याचं नंतर बघू. तिचे कशाकशाचे आभार मानायचे, ते तेवढं मला सांगा."

भट्टीत काहीतरी तडकल्याचा बारीक आवाज झाला. वास आता सरळ करपल्याचाच होता. थोरल्याचा हात आपोआप दाराच्या कडीकडे गेला.

"थांब," आई म्हणाली.

तो थांबला. आई खुर्चीवरून उठली नाही, धाकटीकडे तिने पाहिलंही नाही. ती मांडीवरच्या रुमालाशी बोलल्यासारखी बोलली. "केस होते तिला. आधी ओले होते, मी पुसले. मग काळेभोर दिसले. पुढे कपाळावर आले होते, तुझे येतात तसे. मी मागे केले तर पुन्हा पुढे आले."

थोरलीने घसा साफ केला आणि पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात त्या आवाजात म्हणाली, "बोटं लांब होती. मी माझं बोट दिलं, तिने धरलं. ते सगळीच मुलं धरतात, त्यात काही विशेष नसतं." आणि मग तो आवाज तिला पेलेना. "पण सोडलं नाही लवकर. मला इंजेक्शन भरायचं होतं, म्हणून मीच सोडवलं."

"वहिनी, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"नर्स आहे ना मी. मला वाटलं, मी सांगितलं तर तू म्हणशील, मग वाचवलं का नाही."

धाकटा टेबलाला टेकून उभा होता, मनगटावरचं वाळलेलं पीठ नखाने खरवडत. "ती शिंकली," तो म्हणाला.

"काय?"

"एकदा शिंकली. एवढीशी. मी आणि वहिनी हसलो. अगदी हसलो, मोठ्याने." त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याने ते पुसलं नाही. "तू आत तशी पडलेली, आणि मी हसलो. तुला कसं सांगणार होतो?"

धाकटीने तोंडावर हात घेतला. हाताआड ती रडत होती की हसत होती ते कुणालाच सांगता आलं नसतं, आणि तिलाही नाही.

"मी पाहिलं नाही तिला," ताई म्हणाली. भांडण नसलेल्या आवाजात ती अगदी थकलेली वाटली. "मी पोचले तेव्हा पेटी बंद होती. मी गायले. पहिल्या दोन कडव्यांना आवाज फुटला नाही. शेवटचं नीट झालं. पूर्ण गायले मी."

"गाडी मी चालवत होतो," थोरला भट्टीकडे तोंड करून म्हणाला. "एकही खड्डा लागू दिला नाही."

राहिले पप्पा. दाराच्या फटीतून धूर यायला लागला होता आणि त्याने त्यांना खोकला आला. थोरली त्यांच्याकडे जायला निघाली, त्यांनी हाताने तिला थोपवलं. मग तेच हात त्यांनी गुडघ्यांवरून उचलून समोर धरले, ओंजळीसारखे.

"पेटी मी नेली. गाडीपासून खड्ड्यापर्यंत. माझ्या हातांना वजन कळतं, तुला माहीत आहे. काटा लागत नाही मला." ते थांबले, श्वास घेतला. "पेटीचं वजन वगळलं, की उरली ती. बरोबर मोठ्या पावाच्या गोळ्याएवढी. तेव्हापासून तो गोळा मला उचलवत नाही. याला सांगतो वळायला. धापेचं कारण सांगतो."

धाकटी त्यांच्या हातांकडे बघत राहिली. मग पुढे होऊन तिने त्या हातांखाली आपले हात धरले, खालून, आता त्यावर काही ठेवलं जाणार असल्यासारखे. तेवढं वजन. वर्षभर ती काहीच नसलेलं काहीतरी घेऊन फिरत होती, आणि आता त्याला वजन आलं होतं.

तिने भट्टीकडे तोंड केलं. डोळे मिटले नाहीत.

"देवा," ती म्हणाली, "तिच्या केसांबद्दल तुझे आभार. ते मागे केले तरी पुढे यायचे. तिच्या बोटांबद्दल, आणि तिने वहिनींचं बोट धरून ठेवलं त्याबद्दल. ती शिंकली आणि तिचा बाप हसला, त्याबद्दल फार आभार. तिच्यासाठी कुणी गायलं. कुणी गाडी हळू चालवली. तिला वजन होतं. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत ती इथे होती. ती माझी होती. तिच्याबद्दल तुझे आभार." इथे तिला दम घ्यावा लागला. "आणि उद्याचं..."

उद्याचं पुढे सरकेना. तिने दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. ताईचे ओठ हलत होते, जणू शब्द पुरवता येतील. धूर आता सगळ्यांच्या डोळ्यांत जात होता.

"पुरे," पप्पा म्हणाले. "आमेन."

ते टेबलाला धरून उठले आणि कुणी पुढे व्हायच्या आत त्यांनी स्वतः कडी काढली. धुराचा लोट बाहेर आला. थोरल्याने फावड्याने पाव ओढून टेबलावर घेतला. तो वरून काळाकुट्ट झाला होता आणि मधोमध फुटला होता.

"आपल्या चुलत घराला कळवू नका," थोरला खोकत म्हणाला. "वर्षभर पुरेल त्यांना."

आई हसली, आणि मग रडायला लागली, आणि रडता रडताच सुरी घेऊन पावाची काळी साल खरवडू लागली. आतून पाव पांढरा होता, थोडा कोरडा, पण धड. तिने मोडून सगळ्यांना दिला. पप्पांनी मात्र हात पुढे करून काळी साल मागून घेतली आणि चावायला लागले.

"पप्पा, ते कडू आहे," थोरली म्हणाली. "आणि जास्त खाऊ नका. थोड्या वेळाने खाणं बंद करायचंय तुमचं."

"कडू आहे ते कळतंय मला. बेकरीत जन्म गेला माझा."

खाणं कुणाचं धड होत नव्हतं. थोरला पुन्हा शटरपर्यंत जाऊन आला. धाकटा धाकटीच्या शेजारी येऊन उभा होता, तिच्या बाहीला बाही लागेल एवढा जवळ, आणि त्याने आपल्या वाट्याचा तुकडा नुसता हातात धरला होता. ताईला राहवेना. तिने आईच्या कानाशी लागून हलक्या आवाजात म्हटलं, पण धाकटीला ऐकू गेलंच. "उद्याचं राहिलंच ना."

आईने सुरी पुसली, पुन्हा पुसली.

धाकटी टेबलाशी गेली. काळ्या चुऱ्यातून तिने बोट फिरवलं आणि ते टेबलाच्या कडेला झटकलं. तिला भीती वाटत होती, मघाइतकीच. ती कमी झाली नव्हती. फक्त त्या भीतीच्या शेजारी आता आणखी काहीतरी होतं.

"पप्पा," ती म्हणाली, "उद्या संध्याकाळी तुम्हाला पाव कसा हवा? मऊ की कडक?"

"उद्या त्यांना काही खायला मिळणार नाही," थोरली लगेच म्हणाली. "शुद्धीवर आल्यावर पाणीसुद्धा चमच्याने."

"मग परवाचं सांगा," धाकटी म्हणाली. ती थोरलीकडे नाही, पप्पांकडेच बघत होती. "मला उद्या रात्री पीठ भिजवायला लागेल. मोठा पाव करणार आहे. मीच वळीन."

पप्पांनी तोंडातली करपलेली साल गिळली. त्यांना वेळ लागला.

"मऊ," ते म्हणाले. मग एक श्वास घेतला, दुसरा घेतला, आणि म्हणाले, "आमेन."